डाव्या वळणाचा दोर

ऑस्ट्रेलियातल्या आमच्या टिन कॅन बे गावी, धक्क्यावर कुणालाही विचारा, दोर गुंडाळायचा तो उजव्या वळणाने, घड्याळाचा काटा फिरतो तसा. उलटा गुंडाळलात तर तो रुसतो, गाठी मारतो आणि नेमक्या गरजेच्या वेळी तोंडघशी पाडतो. हे इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. फक्त 'कर्लू' नावाच्या एका शिडाच्या बोटीवर सगळे दोर डाव्या वळणाने गुंडाळलेले असत. ती बोट बांधणारा क्लॅरी डावखुरा. आणि त्याची बायको नोलीन चांगली उजव्या हाताची, पण दोर धरायला नवऱ्याकडून शिकली, म्हणून तीही जन्मभर उलटाच गुंडाळत आली. धक्क्यावरची माणसं हसायची. "काय गं नोलीन, नवरा डावरा म्हणून तूही डावरी?" नोलीन म्हणायची, "ज्याच्याशी संसार करायचा त्याची रीत. तुमच्या बायका तुमचं काय काय ऐकतात ते बघा आधी!" 

नोलीन काही कुणी मोठी बाई नव्हे. शाळेच्या कँटीनमध्ये तिने उभा जन्म काढला. गावातली निम्मी माणसं लहानपणी तिच्या हातची, बीटच्या चकत्या घातलेली सँडविच खाऊन मोठी झाली. बुटकी, रुंद हाडाची, उन्हाने नाकाची साल निघालेली. उजव्या कानाने तिला जरा कमी ऐकू येतं, त्यामुळे लोकांना वाटतं बाई शिष्ट आहे. शिष्ट कसली! त्या कानाचं कारण 'कर्लू'च आहे.

बोट त्या दोघांनी घराच्या मागच्या अंगणात, पत्र्याच्या शेडखाली बांधली. क्लॅरी साखर कारखान्यात सुतार. कामावरून आला की अंधार पडेपर्यंत ठोकाठोक. फळीवर फळी बसवून तांब्याचे रिव्हेट, म्हणजे टोकं ठोकून चपटी करायचे खिळे, मारायचे, आणि रिव्हेट काही एकट्याने बसत नाही. एका बाजूने एकाने हातोडा हाणायचा, दुसऱ्या बाजूने दुसऱ्याने जड लोखंड दाबून धरायचं. हातोडा क्लॅरीचा, लोखंड नोलीनचं. फळीला खांदा लावून, उजवा कान फळीला टेकवून ती वर्षानुवर्षं तशी उभी राहिली. मुलगा, ग्रँट, पोटात होता तेव्हाही उभी राहिली. शिडं तिनेच शिवली, बैठकीच्या खोलीतली खुर्च्या-टेबलं बाहेर काढून, जमिनीवर रांगत. एवढं करून बोट पाण्यात गेली तेव्हा सुकाणू कुणाच्या हाती? क्लॅरीच्या. आणि "ओढ! सोड! झोपलीस काय!" हे ऐकत दोर ओढणारी आणि मध्येच चहा करून देणारी कोण, ते सांगायला नकोच. नोलीनला त्यात काही वावगं वाटलं नाही. तेव्हा कुणालाच वाटत नसे.

तीन वर्षांपूर्वी क्लॅरीला पक्षाघाताचा झटका आला आणि नेमका डावा हात गेला. माणूस वाचला, बोलायला लागला, काठी टेकत चालायलाही लागला, पण बोट चालवणार कोण? नोलीनने एक दिवस निमूट सुकाणू धरलं. धक्क्यावरच्यांनी श्वास रोखले. आणि बाईने बोट अशी बाहेर काढली, की जणू रोज सकाळी हेच करत आली होती. इतकी वर्षं नुसती दोर ओढत होती असं आम्ही समजत होतो, ती बघतही होती.

खरं सांगायचं तर ही तीन वर्षं नोलीनच्या आयुष्यातली सगळ्यात सुखाची. नवऱ्याच्या आजारपणात सुखी व्हायचं म्हणजे लोक काय म्हणतील, म्हणून ती बोलायची नाही. पण सुकाणू हातात आलं, शिडात वारा भरला, की तिचा चेहराच बदलायचा. क्लॅरी बाकावर गुडघ्यांवर शाल घेऊन बसलेला असायचा. ती दरवेळी विचारायची, "घेतोस जरा? उजव्या हाताने धर, मी आहे शेजारी." तो मान हलवायचा. "नाही जमत गं नोल. आता तूच." तिला वाटायचं, किती समजूतदार झालाय म्हातारा.

दर हिवाळ्यात 'कर्लू'ला बेटाआडच्या सामुद्रधुनीतून उत्तरेला उरंगन बंदरात न्यायचं, तिथल्या बोटींच्या यार्डात तळ खरवडून रंग लावायचा, ही घरची जुनी रीत. जाण्याचा दिवस म्हणजे सगळ्या घराची सहल. जिम्पी गावाहून ग्रँट आणि त्याची बायको शार्लीन येणार, डब्यात खारवलेल्या बीफची सँडविच आणि भोपळ्याचे स्कोन, म्हणजे छोटे गोडसर पाव, असणार, परतताना शार्लीनच्या बहिणीची गाडी. यंदाही तसंच ठरलं. नोलीन बंडाबर्गला बहिणीच्या डोळ्याच्या ऑपरेशनसाठी दोन आठवडे गेली होती, ती आदल्या दिवशीच परतली. सकाळी भरतीबरोबर चौघे निघाले.

धक्क्यापासून लांब आल्यावर नोलीन म्हणाली, "ग्रँट, धर सुकाणू जरा, शीड मी चढवते."

"अगं आई, थांब, मी करतो ना!" ग्रँट एवढ्या घाईने उठला की त्याचा कप सांडला.

"तू इंजिनाकडे बघ. म्हातारी झाले म्हणून काय दोर जड झालाय होय मला?"

डोलकाठीपाशी जाऊन तिने शिडाच्या दोराला हात घातला आणि तिचा हात तिथेच थांबला. दोर उजव्या वळणाने गुंडाळलेला होता. देखणा, एकसारखा, पुस्तकातल्या चित्रासारखा. तिने दुसरा दोर बघितला. तोही तसाच. पुढच्या शिडाचाही तसाच. या बोटीवर आजवर एकही दोर असा गुंडाळला गेला नव्हता, ग्रँटलाही डावंच वळण माहीत. कुणा परक्याने 'कर्लू'चं शीड चढवलं होतं, आणि उतरवून नीट आवरूनही ठेवलं होतं.

तिने शीड चढवलं. आग्नेयेचा वारा छान होता, बोट झुकून पळायला लागली. ती मागे आली, सुकाणू घेतलं आणि मुलाला म्हणाली, "कोण आलं होतं बोटीवर?"

"कुठे? कुणी नाही." ग्रँट पाण्याकडे बघत म्हणाला. "म्हणजे, तो मेकॅनिक आला असेल. इंजिनासाठी."

"मेकॅनिक शीड चढवून इंजिन बघतो का रे? नवीनच ऐकतेय."

शार्लीनने डबा उघडला, बंद केला, परत उघडला. क्लॅरी सँडविच खात होता.

नोलीनला काय ते कळलं. असं कळतं माणसाला. परका माणूस शीड चढवून बघतो तो एकाच कामासाठी, विकत घ्यायच्या आधी. हातातल्या सुकाणूचं लाकूड एकदम गार लागलं तिला. "विकलीस?" ती म्हणाली. "मी बहिणीच्या उशाशी बसले होते आणि तू इकडे माझी बोट विकलीस?"

ग्रँटने बापाकडे बघितलं.

"बापाकडे काय बघतोस? त्याला पुढे करू नकोस. आजारी माणसाची सही घ्यायला काय लागतं! कागदावर त्याचं एकट्याचं नाव आहे हे तुला बरं माहीत. कुणाला विकली?"

"ब्रिस्बेनचा एक डेंटिस्ट आहे." ग्रँट पुटपुटला. "चांगला माणूस आहे, आई. उरंगनला येणार आहे आज."

"आज! म्हणजे रंगबिंग सगळं थापच. माझ्याच हाताने बोट नेऊन त्याच्या दारात बांधायची! अरे, केसाने गळा कापतोस की रे माझा. या बोटीच्या पोटाला पोट लावून उभी होते मी, आत तू होतास! लाज नाही वाटली?"

ती किती बोलली! इतक्या वर्षांत न बोललेलं सगळं त्या दिवशी बाहेर पडलं. लहानपणचं आठवून बोलली, त्याच्या घराच्या हप्त्यांपासून त्याच्या टकलापर्यंत सगळं काढलं. पन्नाशीला आलेला तो माणूस मान खाली घालून शाळेतल्या पोरासारखा ऐकत होता. मध्ये एकदा शार्लीन म्हणाली, "नोलीन, पुरे आता," तर तिलाही दोन शब्द मिळाले. क्लॅरीने सँडविच संपवलं, रुमालाला हात पुसले आणि तिवरांवर बसलेल्या बगळ्यांकडे बघत राहिला.

गॅरीज अँकरेज ही बोटी नांगरायची जागा मागे पडली. आता पुढे सामुद्रधुनीतला सगळ्यात उथळ भाग येणार होता. इथे भरतीचं पाणी दोन्ही तोंडांनी आत येतं आणि मधोमध या वाळूवर एकमेकांना भेटतं. भरतीबरोबर यायचं, पाणी पूर्ण भरलेलं असताना वाळू ओलांडायची, आणि पलीकडच्या ओहोटीबरोबर निघून जायचं. वेळ साधली तर लोण्यासारखं काम. चुकली तर बसा चिखलात बारा तास.

शार्लीनला आता राहवेना. तिने डबा खाली ठेवला आणि सासऱ्याकडे वळली. "क्लॅरी, तू सांगतोस की मी सांगू? तासभर झाला, तुझा मुलगा तुझ्या वाटणीच्या शिव्या खातोय आणि तू बगळे मोजतोयस!"

"शार्ल, जाऊ दे," ग्रँट म्हणाला.

"का जाऊ दे? नोलीन, ग्रँटनं नाही विकली. त्याला तर आठवड्यापूर्वी कळलं. जाहिरात क्लॅरीनं दिली, गिऱ्हाईक क्लॅरीनं बघितलं. तोच डेंटिस्टला घेऊन खाडीत फिरून आला, तू बंडाबर्गला असताना. डेंटिस्टनं शीड चढवलं आणि यानं चालवली."

नोलीनने चांगला कान पुढे केला. आपण नीट ऐकलं नाही असं तिला वाटलं. "कुणी चालवली?"

"मी," क्लॅरी म्हणाला. "उजव्या हातानं."

तीन वर्षं ती विचारत होती, घेतोस जरा? तीन वर्षं तो मान हलवत होता. आणि कुणा परक्यासाठी त्याच हाताने सुकाणू धरलं. बोट विकली याच्यापेक्षा हेच तिला जास्त लागलं.

"जमत होतं तर तुला," ती म्हणाली.

"जमवलं."

"मग मला का नाही म्हणत होतास?"

क्लॅरीने शाल गुडघ्यांवरून काढली. मग त्याचाही बांध फुटला. "तुझ्या हाताखाली? तू शेजारी बसून शिकवणार, असं धर, तसं धर? तीन वर्षं मी या बाकावर गाठोड्यासारखा पडलोय. धक्क्यावर जो तो म्हणतो, वा क्लॅरी, नोलीन काय मस्त चालवते! तुझ्यापेक्षा बरी! आणि तू हसतेस. मला बघवत नाही, नोल. तुझ्या हातात बघवत नाही. त्यापेक्षा परक्याच्या हातात गेलेली बरी. मी बांधलेली बोट आहे ती."

"आपण बांधलेली," नोलीन म्हणाली.

"मी बांधलेली."

सुंभ जळाला तरी पीळ जळत नाही म्हणतात ते खोटं नाही. ग्रँट आणि शार्लीन दोघांनीही माना फिरवल्या. असं काही ऐकायची वेळ शत्रूवरही येऊ नये.

नोलीन रडली नाही. पाण्यात रोवलेल्या, खोल वाट दाखवणाऱ्या सरकारी खांबांकडे तिने एकदा बघितलं, शिडाकडे बघितलं, आणि सुकाणू सोडून उठली. "मग घे. तुझी आहे ना? ने."

"आई, अगं इथे नको!" ग्रँट ओरडला. "पुढे उथळ आहे."

"त्याला का नाही जमणार? जिथे मी जन्मभर नुसती दोर ओढत होते तिथेच तर आहोत." ती पुढे जाऊन डोलकाठीला पाठ टेकवून बसली, चांगला कान मागे ठेवून.

क्लॅरी सरकत सुकाणूपाशी आला. उजव्या हाताने त्याने बोट सरळ केली. म्हाताऱ्याच्या पाठीत ताठपणा आला, आवाजही जुना आला. "ग्रँट, शीड जरा आवळ! झोपलास काय!"

सरकारी खांब तिथे मोठा वळसा घेऊन जातात. पण क्लॅरीची आपली एक वाट होती, खांबांच्या आतून, वाळूवरून सरळ. घारीचं घरटं असलेल्या वठलेल्या झाडावर नाक ठेवायचं, आणि झाड मागच्या टेकडीला मिळालं की उजवीकडे वळायचं. भरलेल्या पाण्यात पाऊण मैल वाचायचा. सगळ्या टिन कॅन बेमध्ये ती क्लॅरीची वाट म्हणूनच ओळखली जायची. त्याचा केवढा अभिमान होता त्याला! त्याने बोटीचं नाक झाडाकडे वळवलं.

नोलीनला माहीत होतं की ती वाट आता नाही. मोठ्या पुरानंतर वाळू सरकली होती. गेल्या हिवाळ्यात ती त्याच वाटेने गेली तेव्हा बोटीचा कणा तळाला हलकेच घासला होता. क्लॅरी डुलकी घेत होता, त्याला कळलं नाही. त्यानंतर ती येताजाता खांबांच्या बाहेरूनच गेली. त्याने विचारलं तेव्हा म्हणाली होती, वारा तिकडून बरा लागतो. तुझी वाट बुजली रे, हे त्या माणसाला कुठल्या तोंडाने सांगायचं, असं वाटलं होतं तिला.

"बाबा, तू खांबांच्या आत चाललायस," ग्रँट फोनवरचा नकाशा बघत म्हणाला. "इथे पाणी कमी दाखवतंय."

"गप्प बस! तो फोन जन्मला नव्हता तेव्हापासून जातोय मी इथून."

आता एक शब्द पुरला असता. 'क्लॅरी, बाहेर काढ,' एवढाच. पाण्याचा रंग पुढे चहात दूध पडल्यासारखा झालेला तिला दिसत होता. तो शब्द तिच्या जिभेवर आला, दातांपर्यंत आला. तिने ओठ मिटले. या बोटीला आपण कधी रुतू दिलं नाही, एकदाही नाही, हे तिला आठवलं. तरी ती बोलली नाही.

आधी तळाखालून एक खरखर आली. मग दुसरी, लांब. मग 'कर्लू' कुणी मागून पदर धरावा तशी थांबली. शीड भरलेलंच होतं, वारा ढकलत होता, पण बोट जागची हलेना. ग्रँटने इंजिन लावलं, उलटं चालवलं, गढूळ पाणी उकळल्यासारखं वर आलं आणि तेवढ्यात झाडाच्या बाजूने पाणी ओसरायला लागलं. भरती संपली होती.

सगळ्यांनी मिळून शीड उतरवलं. दुपारपर्यंत आजूबाजूला ओली वाळू उघडी पडली, बोट एका कुशीवर कलली, स्कोनचा डबा घरंगळत जाऊन चिखलात पडला. निळे खेकडे फौज निघावी तसे वाळूवर निघाले. ग्रँटने डेंटिस्टला फोन केला. आज नाही, उद्या सकाळी, रात्रीची भरती मोठी आहे, बोट आपोआप सुटेल, हो हो, काही मोडलं नाही. मग तो आणि शार्लीन पँटी दुमडून वाळूवर उतरले आणि लांब चालत गेले. त्यांना तिथे बसवेना.

नोलीन आणि क्लॅरी कललेल्या बोटीत पाय रोवून बसले होते. क्लॅरीचा उजवा हात अजून सुकाणूवरच होता.

"वाळू आलीय हे तुला माहीत होतं," तो म्हणाला.

"गेल्या वर्षीपासून."

"आणि बोलली नाहीस."

"गेल्या वर्षी बोलले नाही ते तुला वाईट वाटू नये म्हणून." नोलीन उठली. "आज बोलले नाही ते तुला वाईट वाटावं म्हणून."

क्लॅरीने रुतलेल्या बोटीचं सुकाणू उगाच एकदा इकडून तिकडे फिरवलं. तिला त्याची कीव आली, आणि कीव आली म्हणून स्वतःचाच राग आला. माफ करावंसं तिला मुळीच वाटत नव्हतं.

शीड घाईने उतरवल्यामुळे दोर डेकवर पसरले होते. कललेल्या डेकवर एक हात डोलकाठीला धरत ती तिथपर्यंत गेली. शिडाचा दोर तिने उचलला, टोक डाव्या हातात घेतलं आणि उजव्या हाताने वेटोळी घालायला लागली. पहिलं वेटोळं सवयीने डावीकडे गेलं. तिने ते सोडलं आणि पुन्हा सुरुवात केली. हात अडखळत होते. नवीन काम शिकणाऱ्या माणसासारखी ती एकेक वेटोळं बघून घालत होती.

"नोल," क्लॅरी मागून म्हणाला.  "नोल, उलटं गुंडाळतेयस."

"सुलट आहे," ती म्हणाली. "आपली बोट होती तेव्हा आपली रीत. आता त्या माणसाचा दोर आहे, त्याला हवा तसा ठेवते."

तिने तो खुंटीवर अडकवला आणि दुसरा दोर उचलला.